कडू भोपळ्यातला गंधार

बाळांनो, म्हातारीला पोटात बसवून जंगलातून धावणारा भोपळा तुम्हाला ठाऊक आहे. आज ज्या भोपळ्याची गोष्ट सांगतो, त्याने महासागर ओलांडलेत. आता तो भीमेच्या काठी वाढतो, मिरजेला जातो आणि गवयाच्या पाठीशी बसून गातो. गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खरी आहे. तिच्यात एक वेल आहे, रात्री हिंडणारा पतंग आहे, एक झाड आहे, डोळ्यांना धड दिसत नाही असा किडा आहे आणि या साऱ्यांना एका वाद्यात आणून बसवणारा कारागीर आहे. मिरजेत त्याला सतारमेकर म्हणतात. सतार, तानपुरा, वीणा, सगळं तो करतो; आपण आज तानपुऱ्याच्या मागे जाऊ.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या पाण्यापासून करू. कर्जत तालुक्यात सिद्धटेकचा गणपती आहे. त्याच्या देवळाशेजारून वाहते ती भीमा. अहिल्यानगर जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द बरंच अंतर हीच नदी सांभाळते. पुढे ती उजनीच्या धरणात शिरते, तिथून निघून पंढरपूरला वळण घेते, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, आणि मग मंगळवेढ्याकडे जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या या पट्ट्यात काही शेतकरी एक आगळं पीक घेतात. त्याची भाजी होत नाही, ते जनावर खात नाही, बाजार समितीत त्याचा लिलाव होत नाही. ते पीक म्हणजे वाद्यांचा भोपळा.

हा भोपळा आणि आपण खातो तो दुधी एकाच जातीचे, सख्खे भाऊ. शास्त्रज्ञ दोघांनाही लॅजेनेरिया सायसेरॅरिया याच नावाने ओळखतात. फरक माणसाने पाडला. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘सम्राट’ नावाचा दुधी तयार केला. तो लांबट, हिरवा आणि कोवळेपणी तोडायचा. तानपुऱ्याला मात्र हवा असतो गोल, अवाढव्य, जाड सालीचा आणि वेलीवरच जून झालेला भोपळा. तो चवीला कडूजहर असतो. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. किडे आणि जनावरं यांनी फळ खाऊ नये म्हणून वेल ते बनवते. लक्षात ठेवा, कधी घरचा दुधीसुद्धा कडू लागला तर तो घास थुंकून टाकायचा आणि त्याचा रस तर मुळीच प्यायचा नाही. ते विष माणसालाही बाधतं.

हा भोपळा मूळचा आफ्रिकेचा. तरी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो अमेरिकेत पोहोचलेला होता! तिथल्या जुन्या वस्त्यांमध्ये त्याच्या सालीचे तुकडे सापडले आहेत. तेव्हा आफ्रिकेतून अमेरिकेला जाणारं जहाज कुठलं असणार? मग तो नेला कुणी? २०१४ साली शास्त्रज्ञांनी जुन्या सालींमधला डीएनए तपासला आणि उत्तर मिळालं. कुणी नेलाच नव्हता, तो आपला आपण गेला. वाळलेला भोपळा आतून पोकळ, बाहेरून पाणी न शिरणारा. आफ्रिकेच्या नदीतून तो समुद्रात गेला, अटलांटिकच्या प्रवाहांनी त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं. कित्येक महिने समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या भोपळ्यांच्या बिया प्रयोगात रुजलेल्याही आहेत. म्हणजे बघा, हलकं असणं, पोकळ असणं आणि भक्कम असणं हे तीनही गुण भोपळ्याने स्वतःच्या बिया जपण्यासाठी कमावले. लाखो वर्षांनी माणसाला वाद्य करायचं झालं, तेव्हा त्याला नेमके हेच तीन गुण हवे होते.

आता वेलीकडे या. भोपळ्याच्या वेलीवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फूल ओळखणं सोपं, कारण पाकळ्यांच्या मागे देठाशी इवलासा भोपळा आधीच असतो. फुलं पांढरीशुभ्र आणि ती उमलतात संध्याकाळी, जेव्हा मधमाश्या पोळ्याकडे परतायला निघतात. मग पराग कोण नेणार? अंधारात पांढरा रंगच तेवढा दिसतो, आणि तो पाहून येतात रात्रीचे पतंग. त्यांतल्या काहींची सोंड इतकी लांब असते की हवेत पंख फडफडवत, फुलावर न बसताच ते मध ओढून घेतात. नर फुलावरचे पराग अंगाला लागतात, पुढच्या मादी फुलावर पडतात आणि तो इवलासा भोपळा वाढू लागतो. ज्या रात्री पतंग येत नाही, त्या रात्रीचं फूल सकाळी कोमेजून गळतं. एकेका तानपुऱ्याच्या मुळाशी अशी एकेक रात्र आहे.

फळ धरलं की शेतकऱ्याचं काम नाजूक होतं. भोपळा जमिनीवर कसा टेकलाय, कुठे दबतोय, यावर त्याचा आकार ठरतो. एका बाजूला कलला तर वाकडा होणार, ओल्या मातीत रुतला तर बुडाशी कुजणार. म्हणून त्याला नीट बसता करावं लागतं, आणि सालीवर कोयता किंवा दगड लागू नये म्हणून जपावं लागतं. पुरुष गवयाच्या तानपुऱ्याला लागणाऱ्या भोपळ्याचा घेर चार-साडेचार फुटांपर्यंत जातो. स्त्रियांचा आवाज उंच पट्टीचा, त्यांच्या तानपुऱ्याचा भोपळा थोडा लहान. आकार, घेर आणि सालीची जाडी हे तिन्ही जमलेलं फळ शेकड्यात मोजकंच निघतं.

वेल वाळते, पण भोपळा घाईने तोडत नाहीत. आत एक मोठा बदल चाललेला असतो. ताज्या भोपळ्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ते हळूहळू उडून जातं. गर सुकून हलका होतो, बिया सुट्या होऊन खुळखुळतात. आणि सालीतल्या पेशींच्या भिंतींत लिग्निन नावाचं द्रव्य साठतं. झाडाच्या खोडाला जे लाकूडपण येतं, ते याच लिग्निनमुळे. म्हणजे वेलीला स्वतःचं खोड धड उभं करता येत नाही, पण तिच्या फळाभोवती ती लाकडाची भिंत घालते. हातात घेतलं तर हलकं, टिचकी मारली तर ठणठणीत. सतारमेकर भोपळा निवडताना पोटावर बोटाने वाजवून बघतो. साल कुठे पातळ आहे, कुठे जाड आहे, आत कीड आहे का, हे त्याला आवाजावरून कळतं.

हा झाला आपल्या नायकाचा पहिला जन्म. दुसरा जन्म मिरजेत.

मिरज म्हणजे सांगलीशेजारचं गाव. तिथे हजरत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि गावात सतारमेकर गल्ली आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, तिथल्या शिकलगार घराण्यातले दोन भाऊ होते, फरीदसाहेब आणि मोहिद्दीनसाहेब. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले बनवणारे, त्यांना धार लावणारे कारागीर. इंग्रजांचा अंमल आला आणि शस्त्रांची मागणी आटली. हातात कसब होतं, पण काम नव्हतं. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन होते. त्यांच्या दरबारी उत्तरेकडून गवई, वादक येत. त्यांची वाद्यं प्रवासात बिघडत आणि दुरुस्त करणारं इकडे कुणी नसे. या भावांनी ती दुरुस्त करायला घेतली, उघडून पाहिली, समजून घेतली आणि मग स्वतः घडवायला सुरुवात केली. तलवारीला धार लावताना बोटांना जी नजर येते, तीच पुढे तारेखालच्या घोडीला घासताना कामी आली. त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही हेच काम करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे वाद्य या गावचं आहे यावर देशाने शिक्का मारला.

याच मिरजेत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. १८७२ साली जन्मलेले हे गवई १९३७ साली वारले. त्यांची समाधी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. सुराच्या बाबतीत ते इतके काटेकोर होते की तानपुऱ्याची दुरुस्ती ते स्वतःच्या हाताने करत. असा गवई ज्या गावात राहतो, तिथल्या कारागिराला चुकून चालत नाही. गवयाने कारागिराचा कान तयार केला आणि कारागिराने गवयाला सूर दिला.

चला, आता कारखान्यात शिरू. कारखाना म्हणजे घराचाच पुढचा भाग. छताला आणि माळ्यावर भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, सरसाचा वास, एका कोपऱ्यात खुंट्या तासणारा, दुसऱ्या कोपऱ्यात पानंफुलं कोरणारा. नोकरीसारखी इथे पहिल्या तारखेला पगार नसतो. भोपळा, लाकूड, तारा यांत पैसे आधी घालायचे, वाद्य महिनोनमहिने घडवायचं आणि गिऱ्हाईक आलं की ते सुटायचे. त्यामुळे नव्या वाद्याच्या जोडीला दुरुस्तीही चालूच असते. थंडीत पुण्यात, मुंबईत मैफली सुरू व्हायच्या आधी तर जुने तानपुरे ओळीने येऊन उभे राहतात.

वाळलेला भोपळा आधी पाण्यात भिजत घालतात. कोरडा कापला तर तडकेल. भिजल्यावर साल थोडी नरम होते. मग तोंडाकडचा भाग कापतात, आतला सुका गर आणि बिया खरवडून काढतात. घेर जिथे आत चेपलेला आहे, तिथे आतून काठ्यांचा आधार लावून त्याला हवा तो आकार देतात आणि तसाच वाळू देतात. लिग्निन भरलेली साल एकदा त्या आकारात सुकली की मग तो आकार सोडत नाही.

भोपळ्याला जोडतात गळा आणि दांडी, आणि पुढून लावतात तबली, म्हणजे लाकडाचा पातळ, किंचित फुगीर पडदा. लाकूड तुणीचं. तूण हे कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं झाड. हिमालयाच्या पायथ्याला ते वाढतं, आपल्या सह्याद्रीतही आहे. त्याच्या फुलांपासून पिवळा रंग काढत. लाकूड तांबूस, वजनाला हलकं, वासाचं, आणि वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही. पण ते झाडावरून आलं की लगेच वापरता येत नाही. लाकडात पाणी असतं. ते जाताना लाकूड आकसतं, आणि गंमत अशी की रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ आकसत नाही. आडवं मात्र चांगलंच आकसतं. ओल्या फळीची तबली केली तर काही महिन्यांत ती वाकेल, चिरेल. म्हणून फळ्या वर्षानुवर्षं सावलीत वाळवतात. कारागिराच्या घरात वडिलांनी ठेवलेलं लाकूड मुलगा वापरतो, हे म्हणूनच.

वाद्य जोडून झालं, कोरून झालं, की त्याच्यावर चकाकी चढते लाखेची. लाख कोण बनवतं, माहीत आहे? एक किडा. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याची लांबी मिलिमीटरभरही नसते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांदीवर अशी हजारो पिल्लं सरकतात, जागा पकडतात आणि सोंड सालीत खुपसून रस प्यायला लागतात. एकदा सोंड रुतवली की मादी आयुष्यभर तिथून हलत नाही. ऊन, पाऊस, शत्रू यांपासून जीव वाचवायला ती अंगातून राळ सोडते आणि स्वतःभोवती घर करते. अशा असंख्य घरांचं फांदीवर चढलेलं पुट म्हणजे लाख. आपल्या राज्यात गोंदिया-गडचिरोलीकडे ती गोळा करतात. तीच शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापडाच्या बोळ्याने वाद्यावर थरांवर थर देतात. किड्याने स्वतःला ओलीपासून वाचवायला जे केलं, तेच आता भोपळ्याला आणि तुणीच्या लाकडाला ओलीपासून वाचवतं. पावसाळ्यात मात्र हे काम अडतं. हवेतला दमटपणा पॉलिशच्या थरात अडकतो आणि तो पांढुरका पडतो. आभाळ उघडेपर्यंत कारागीर कोरीव काम उरकून घेतो.

आता तारा. चार खुंट्या, चार तारा: एक पंचम, मधले दोन षड्ज आणि शेवटचा खर्जाचा षड्ज. एवढंच? हो, एवढंच. ना पडदे, ना बोटं फिरवणं. तेच चार सूर पुन्हा पुन्हा. आपल्याकडे गावोगावी हरिनाम सप्ताह होतो, तेव्हा वीणा एका विणेकऱ्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, पण सातही दिवस खाली ठेवत नाहीत, तुम्ही पाहिलंय. सूर तुटू द्यायचा नाही, हीच ती समजूत. तानपुराही तेच करतो.

पण त्या चार तारांमध्ये एक चमत्कार आहे आणि कारागिराचं सगळ्यात अवघड काम त्याच्याचसाठी आहे.

समजा खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा थरथरते. तार फक्त अख्खीच थरथरते असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. एकाच वेळी ती अख्खी थरथरते, तिचे दोन समान भाग वेगळे थरथरतात, तीन भाग वेगळे, चार, पाच, असे कितीतरी. दोन भागांचा वेग दुप्पट, म्हणजे २००. तो वरच्या सप्तकातला षड्ज. तीन भागांचा ३००, तो पंचम. चार भागांचा ४००, पुन्हा षड्ज. आणि पाच भागांचा ५००. तो कोणता सूर? गंधार! चार तारांपैकी कुठलीच तार गंधारात लावलेली नसते, तरी चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात स्वच्छ गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुणी लावलेला नाही, आपोआप प्रकटलेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, तेव्हा अशाच आकड्यांचा हिशेब मांडला होता, आणि त्या कामात अब्दुल करीम खाँ त्यांच्या सोबत होते. हार्मोनियमची गंधाराची पट्टी या स्वयंभू गंधाराहून थोडी चढी असते. कान तयार झाला की हा फरक तुम्हालाही कळेल.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे सूर तर कुठल्याही तारेत असतात, मग तानपुऱ्यातच ते इतके का उजळतात? त्याचं उत्तर घोडीत आहे. तारा ज्या पुलावरून जातात तो पूल म्हणजे घोडी. व्हायोलिनचा पूल वरच्या कडेला अरुंद असतो, तार त्याला एका रेषेवर टेकते आणि सुटते. तानपुऱ्याची घोडी चांगली दोन बोटं रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, किंचित बाकदार. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस संपत गेले, आणि ते चांगलंच झालं. हत्तीचा जीव घेऊन सूर कशाला हवा? आता शिसवी लाकूड, हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

तार थरथरू लागली की त्या बाकदार माथ्याला ती क्षणोक्षणी हलकेच शिवते आणि सुटते. झोपाळ्यावर बसून दर हेलकाव्याला टाचेने जमीन हलकीशी चाटून गेलं तर प्रत्येक वेळी झोक्याची चाल जराशी बदलते ना, तसंच. या शिवण्या-सुटण्यात तारेची लांबी प्रत्येक क्षणी बदलत राहते, आणि खालच्या सुरातली ताकद वरच्या सुरांत जाऊ लागते. म्हणून आघात झाल्यावर तानपुऱ्याचा सूर नुसता विझत नाही, आधी फुलतो. कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सारतो आणि तो पुढे-मागे सरकवून शोधत राहतो की सूर कुठे उघडतो. या साऱ्या करामतीला म्हणतात जवारी.

जवारी काढणं हे घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाचं काम. कानस, पॉलिश पेपर आणि कान, एवढीच हत्यारं. घोडी घासायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायची. डोळ्यांना दिसणार नाही इतकी साल जास्त निघाली तर सूर फाटतो आणि मग पहिल्यापासून नवा माथा करावा लागतो. कुणाला खुली जवारी लागते, झणझणीत. कुणाला बंद, गोलसर. गवयाचा गळा ऐकून कारागीर ठरवतो. वर्षभर वाजल्यावर तारा घोडीवर बारीक खाचा पाडतात, जवारी उतरते आणि तानपुरा पुन्हा मिरजेला येतो. असं हे नातं एकदा विकून संपत नाही.

या गोष्टीत आता एक शास्त्रज्ञ येतो. चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांना १९३० साली नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी वाद्यांवर घालवली. त्यांचे वडील व्हायोलिन वाजवत. १९१८ साली रामन यांनी व्हायोलिनच्या तारा गजाखाली कशा थरथरतात यावर मोठा ग्रंथ लिहिला. आणि १९२१ साली कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तानपुरा आणि वीणा हातात घेतली.

तेव्हा युरोपातला एक जुना नियम सगळे मानत. तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्या सुरांसाठी मध्य स्थिर राहावा लागतो, म्हणजे दोन भागांचा, चार भागांचा, ते सूर निघणारच नाहीत. तर्क अगदी सरळ आहे: जिथे तार हलायलाच नको, तिथेच तुम्ही ती ओढलीत. रामन यांनी तानपुऱ्यावर हा प्रयोग केला, आणि जे सूर निघायला नकोत ते खणखणीत निघाले! नियम चुकला का? नियम अरुंद पुलाच्या वाद्यांसाठी ठीक होता. बाकदार घोडीवर तार सतत शिवत-सुटत असल्याने तो इथे लागू पडत नाही, हे रामन यांनी जगाला दाखवलं. आपल्या वाद्यकारांनी ध्वनीचं हे गूढ किती खोलवर जाणलं होतं, याचा त्यांनी मोकळ्या मनाने गौरव केला.

बाळांनो, हे मला तुम्हाला फार मनापासून सांगायचं आहे. फरीदसाहेबांच्या हाताला जे आधी सापडलं, त्याचं कारण रामन यांच्या बुद्धीला नंतर सापडलं. एकाने घासून-ऐकून शोधलं, दुसऱ्याने मोजून-तपासून. दोघंही निसर्गालाच प्रश्न विचारत होते आणि दोघांनीही त्याच्या उत्तरापुढे मान तुकवली. ज्ञान पुस्तकात असतं तसंच ते कानशीच्या टोकाशीही असतं. कारागिराला अडाणी समजणारा माणूस विज्ञानाचा विद्यार्थी होऊ शकत नाही.

जगात दुसरीकडेही हेच आहे. इटलीत क्रेमोना नावाचं गाव आहे. तिथे अंतोनियो स्त्रादिवारी हा व्हायोलिनकार साधारण १६४४ ते १७३७ या काळात होऊन गेला. त्याची व्हायोलिनं आजही वाजतात. त्याच्या तबलीचं लाकूड आल्प्समधल्या स्प्रूस झाडांचं. कडाक्याच्या थंडीत ही झाडं इतकी सावकाश वाढतात की खोडातली वर्षागणिक पडणारी वलयं एकमेकांना चिकटून बसतात, आणि लाकूड हलकं पण ताठ होतं. त्याच्या काळात युरोपात थंडी फार होती, त्यामुळेच ते लाकूड इतकं उत्तम निघालं असावं, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. क्रेमोनाच्या या कलेला २०१२ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. २०१८ च्या ऑक्टोबरात एका वादळाने त्या डोंगरातली असंख्य झाडं आडवी केली, तेव्हा तिकडचे व्हायोलिनकार हळहळले. कारण त्यांना माहीत आहे की चांगल्या वाद्याची सुरुवात जंगलात होते.

आपल्या तानपुऱ्याची सुरुवात होते शेतात, आणि काळजीची जागाही तीच आहे. उसाचं गणित तुम्हाला प्रवरेकाठी राहून पाठ झालंय. लावला की कारखाना तो घेऊन जातो. भोपळ्याला गिऱ्हाईक मोजकं. एका अवकाळी पावसात, एका पुरात सगळी फळं कुजू शकतात. मग शेतकरी म्हणतो, कशाला हा व्याप? त्यातच मोबाइलमध्ये तानपुरा आला. रियाजाला तो सोयीचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्यातला सूर कुठल्यातरी खऱ्या भोपळ्याकडे पाहूनच बनवलेला आहे. भोपळा लावणारा हात थांबला की दोन-चार हंगामांत बी संपेल, आणि बी संपलं की कितीही पैसे मोजले तरी तो घेर, ती साल मिळणार नाही. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बी जपलं, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी घरात जपणं हे केवढं मोठं काम आहे, हे त्यांनी साऱ्या देशाला समजावलं. भीमेकाठचा जो शेतकरी उत्तम भोपळ्याचं बी पुढच्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवतो, तो गाण्याचीच सेवा करतो. त्याला त्याच्या भोपळ्याचा दाम चांगला मिळाला पाहिजे, आणि सतारमेकराला त्याच्या जवारीचा.

आता तुमचं काम सांगतो. गोष्ट नुसती ऐकून विज्ञान येत नाही. गावात कुणाकडे तानपुरा असेल, नाहीतर शाळेत गिटार असेल, तर परवानगी घेऊन एक तार छेडा आणि तिचा सूर हाच षड्ज माना. मग सुतळीने तारेची लांबी मोजा आणि सुतळी मध्ये दुमडून तारेचा बरोबर मध्य शोधा. तिथे बोट नुसतं टेकवा, दाबू नका, तार छेडा आणि बोट लगेच उचला. वरचा षड्ज निघेल. सुतळीच्या तीन घड्या घालून एक तृतीयांशावर तेच करा, पंचम निघेल. पाच घड्या घालून एक पंचमांशावर करा, तुमच्या हाताने स्वयंभू गंधार निघेल. हे जमलं की सुतळीच्या सात घड्या घाला. एक सप्तमांशावर जो सूर येईल तो कोमल निषादाच्या जवळचा वाटेल, पण त्याच्याहून किंचित उतरलेला असेल. तो सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांवर शोधून बघा, आणि कुठल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तो सापडला ते मला येऊन सांगा.